अमावास्येचा फेरा

दाजी,

काल अमावास्या झाली. तुम्ही असतात तर आज सकाळी पहिला प्रश्न हाच आला असता, "मग, मारला का फेरा?" आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायला लागला असतात. सांगतो. पण सुरुवातीपासून सांगू द्या, मधे बोलू नका. इतकी वर्षं माझं एकही वाक्य तुम्ही धड पुरं होऊ दिलं नाहीत, आणि आता सगळी बोलणी माझ्यावर सोडून निघून गेलात. याचा मला फार राग आला आहे. दुःख आहेच, ते कुठे जातं. पण राग आधी.

लोक भेटायला येतात. चाळीसगावात सरकी-पेंडीचा इतका सरळ व्यापारी दुसरा नव्हता म्हणतात. बाजारात म्हैस आडवी बसली तर हॉर्न न वाजवता ती उठेपर्यंत जीप थांबवणारा माणूस, असं परवा एकानं सांगितलं. मी मान डोलावली. तुम्ही तसेच होतात. पण माझ्या डोळ्यांपुढे काही वेगळंच येतं. तुमचे दोन हात, जीपचं चाक, आणि समोर ते घोरपडीचं वळण. गेलेल्या माणसाचा चेहरा आठवावा, मला वळण आठवतं. आत्ता धुळ्यात माझ्या औषधाच्या दुकानात, बाटल्यांच्या कपाटाला पाठ टेकून बसलो आहे, दारात रणरणतं ऊन आहे, आणि तरी ते आठवलं की हात आपोआप कपाटाची कड धरतो.

मला पहिल्यांदा नेलंत तेच मुळी खोटं बोलून. बायकोचा धाकटा भाऊ म्हणजे हक्काचा माणूस, त्याला काहीही सांगावं. "धरण बघून येऊ" म्हणालात. मी सकाळच्या पॅसेंजरनं धुळ्याहून आलो. अक्कानं भरताचा डबा बांधून दिला, ज्वारीत उडीद दळून केलेल्या कळण्याच्या भाकरी दिल्या. मला वाटलं, सहल आहे. डोंगराच्या पायथ्याशी नदीवर धरणाचं काम चालू होतं हे खरंच होतं. त्या दिवशी अमावास्या आहे, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आपल्याकडे अमावास्येला गवंडी थापी उचलत नाही, गॅरेजवाला पाना धरत नाही, आणि ट्रकवाला तर गाडीकडे बघतसुद्धा नाही. धरणावरही तोच रिवाज. सगळे डंपर रांगेनं उभे, रोलर उभा, माणसं खोपटांत झोपलेली. माती आणि दगड वाहण्यासाठी केलेला तो लांबलचक रस्ता अख्खा मोकळा. भरावाच्या माथ्यावरून जाणारा, तिथून खाणीच्या कडेनं उतरणारा, नदीचं कोरडं पात्र ओलांडून पुन्हा फाटकाशी येणारा. तिथले साहेब बाहेरगावचे आणि मोटारींचे वेडे. एवढा रस्ता महिन्यातून एक दिवस रिकामा पडतो, हे त्यांना बघवलं नाही. त्यांनी जाहीर करून टाकलं, अमावास्येला फाटक उघडं, ज्याच्याकडे गाडी असेल त्यानं यावं आणि फेरा मारावा. ज्या दिवशी शहाणा माणूस गाडी बाहेर काढत नाही, नेमक्या त्या दिवशी अर्ध्या खानदेशातले सगळे अतिशहाणे तिथे जमायचे. जळगावचा एक कापडवाला अँबॅसिडर घेऊन यायचा. धुळ्याचे दोघे भाऊ एकाच जावा मोटारसायकलवर यायचे आणि पहिला फेरा कोणी मारायचा यावरून भांडायचे. भडगावचा एक शेतकरी तर ट्रॅक्टरच घेऊन आला होता, आणि त्यालाही आत सोडलं होतं.

नियम एकच होता. एका वेळी एक गाडी. फाटकावरचे पहारेकरी शंकर आबा हातात लाल झेंडी देणार, ती झेंडी ज्याच्याकडे तोच आत. फेरा पुरा करून झेंडी आबांच्या हातात आली, की पुढच्याचा नंबर. तुमचा नंबर आला तेव्हा तुम्ही ती झेंडी सरळ माझ्या मांडीवर टाकलीत.

"दाजी, आज अमावास्या आहे," मी म्हटलं.

"म्हनीसनच रस्ता मोकया शे," तुम्ही म्हणालात.

"मला भीती वाटते."

"मंग भी ना. तुन्हं काम तेच शे. तू भी, मी चालाडस."

व्यापाऱ्यांशी तुम्ही शुद्ध बोलायचात, अधिकाऱ्यांशी त्याहून शुद्ध. पण त्या रस्त्यावर पाय ठेवला की तुमच्या तोंडून फक्त अहिराणी निघायची. तुम्ही घराचे व्हायचात, असं आता वाटतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की हा माणूस आता माझं काही ऐकणार नाही.

त्या फेऱ्याबद्दल लोक मजेनं बोलतात. मी कधीही मजेनं बोलू शकलो नाही. भरावाचा माथा जीपच्या रुंदीपेक्षा थोडाच मोठा, दोन्ही बाजूंना नुसता उतार, आणि त्यावरून तुम्ही गाडी अशी सोडायचात की झेंडीचं कापड फडफडून फाटेल असं वाटावं. मग तो उंचवटा, ज्याला सगळे उंट म्हणायचे. उंटावर चाकं जमीन सोडायची. माझं पोट वर राहायचं आणि बाकीचा मी खाली यायचो. त्यापुढे खाणीची वाट डावीकडून येऊन मिळते तो तिठा, आणि तिठ्याला लागूनच घोरपड. उजव्या हाताला उभा कातळ, डाव्या हाताला खाण. कातळाला चिकटून जायचं, म्हणून घोरपड. चिकटला नाहीत तर काय होईल, हे बघायला मी डावीकडे एकदाच मान वळवली होती. पुन्हा नाही वळवली. खाणीच्या तळाशी पाणी साचलं होतं आणि त्यावर हिरवट साय धरली होती, इतकं मला दिसलं. इतकं पुरेसं झालं.

फेरा संपला तेव्हा शंकर आबांनी झेंडी मागितली आणि मला ती देता येईना. मूठच उघडेना. मी उघडतोय, पण बोटं माझं ऐकत नाहीत. तुम्ही जीप बंद केलीत, माझा हात तुमच्या मांडीवर घेतलात आणि एकेक बोट उलगडत गेलात. करंगळीपासून. हसत होतात. शेवटी झेंडी आबांना दिलीत आणि माझा हात मला परत करत म्हणालात, "घे. बठ्ठा बोटे शाबूत शेतस." मी मोजली, सगळी होती.

त्यानंतर मी दर खेपेला खिशात टिंक्चर आयोडिनची बाटली, कापूस आणि पट्टी घेऊन यायला लागलो. तुम्ही म्हणायचात, खाणीत पडलो तर एवढ्याशा बाटलीनं काय होणार. बरोबर होतं. पण ज्याला जे विकता येतं त्याचाच त्याला आधार वाटतो. एकदा उंटावर ती बाटली खिशातच फुटली. घरी आल्यावर अक्कानं माझा तांबडा झालेला सदरा बघितला आणि ती दारातच खाली बसली. तुम्ही पोट धरधरून हसलात. मला हसू आलं नाही, आणि अक्कालाही आलं नाही. ती उठली, तिनं सदरा मागून घेतला आणि धुवायला बसली. त्या डागाचा रंग शेवटपर्यंत गेला नाही.

आता ती पौषातली अमावास्या.

तिच्याबद्दल आपण तिघं कधीच बोललो नाही. त्या दिवशी अक्काही आली होती. इतरांच्या घरच्या बायकाही थंडीच्या दिवसांत यायच्या, फाटकाजवळच्या बाभळींखाली चुली मांडायच्या, वांगी भाजायच्या. आपला नंबर उशिरा होता. नंबर आला, झेंडी घेतली, भराव झाला, उंट झाला. मी डोळे मिटणार होतो, कारण उंटानंतर मी मिटायचोच. त्या दिवशी का कोण जाणे, मिटले नाहीत. तिठ्यावर, बरोबर तुमच्या चाकांच्या रेषेत, उतारा ठेवलेला होता.

पळसाच्या पत्रावळीवर दहीभात, त्यावर लिंबू, आणि बाजूला भाकरीचा चतकोर, त्यावर काजळाचे ठिपके. अमावास्येला तिठ्यावर उतारा असणारच, त्यात नवल काही नाही. आपल्याकडे लहान पोरसुद्धा तो ओलांडत नाही. तुम्ही विचार केला नाहीत. विचार करायला वेळच नव्हता. तुमच्या हातांनी केलं ते. चाक डावीकडे गेलं, उतारा वाचला, आणि आपण कातळ सोडून खाणीच्या अंगाला गेलो. मागचं डावं चाक काठावरून सरकलं. मला ते कळलं, कारण माझ्या बाजूनं जमीनच संपली होती. दगड खाली गेल्याचा आवाज आला आणि तो खूप वेळाने पाण्यात पडल्याचा आवाज आला. तुम्ही ओरडला नाहीत. मी ओरडलो का, ते मला आजही आठवत नाही. तुम्ही ब्रेक लावला नाहीत, उलट गाडी दाबलीत, आणि तिनं स्वतःला कशीबशी वर ओढून घेतलं.

पुढे नदीच्या पात्रात तो सपाट गोल तुकडा आहे, डंपर वळवायचा, ज्याला आपण खळं म्हणायचो. तिथे तुम्ही जीप थांबवलीत. डबा मागच्या सीटवर होता. तुम्ही तो उघडलात, भाकरी बाहेर काढलीत. कळण्याची भाकरी. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. चतकोर त्याच भाकरीचा होता, आणि काजळाचे ठिपके द्यायची ती रीत माझ्या आईची होती. आईनं ती अक्काला शिकवली होती, दुसऱ्या कोणाला नाही.

जिथं भीती, तिथंच उतारा ठेवावा, असं आई म्हणायची. अक्का आडवाटेनं चालत तिठ्यापर्यंत गेली असणार, आपण रांगेत उभे होतो तेव्हा, आणि आपल्या आधीची गाडी पुढे जाईपर्यंत तिथे थांबली असणार. तुम्ही सुखरूप परत यावं म्हणून तिनं तुमच्यावरून ओवाळलेला घास घोरपडीच्या तोंडाशी नेऊन ठेवला. आणि त्यापायी आपण दोघं खाणीत जाता जाता राहिलो.

"अक्काले सांगजो नको," तुम्ही म्हणालात.

फाटकाशी आल्यावर सगळे धावत आले. दगड पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. तुम्ही हसत हसत सांगितलंत, घोरपडीवर खरोखरची घोरपड आडवी आली, तिला वाचवायला गेलो. सगळे हसले. अक्का मागे उभी होती, पदर तोंडाशी धरून. ती हसली नाही. तुम्ही तिला म्हणालात, "भूक लागली." तिनं पानं घेतली.

संध्याकाळच्या गाडीला मला सोडायला आलात तेव्हा स्टेशनात आपलं भांडण झालं, ते कधी मिटलंच नाही. मी म्हणालो, आता पुरे. घरदार आहे, अक्का आहे, धंदा आहे, कशासाठी हे? तुम्ही माझ्याशीही व्यापाऱ्यांशी बोलावं तसं शुद्ध मराठीत बोललात, म्हणून मी समजलो की हे थट्टेत नाही. "वसंता, वर्षभर मी शंभर गोष्टींना घाबरून वागतो. पाऊस पडेल का, भाव पडेल का, कोणाचं तोंड फिरेल का. यातलं एकही माझ्या हातात नसतं. इथं एकाच वळणाला घाबरायचं, आणि चाक माझ्या हातात असतं." मी म्हटलं, ही काय कारणं झाली, ही तर पळवाट झाली. तुम्ही म्हणालात, तुला नाही कळायचं, तू सगळ्यालाच सारखा घाबरतोस. मला ते फार लागलं. मी सांगितलं की पुन्हा येणार नाही. गाडी सुटली. तुम्ही खिडकीबरोबर चार पावलं चाललात आणि काहीतरी म्हणालात, ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. नंतर विचारू विचारू म्हणता राहून गेलं.

पुढच्या अमावास्येला मी पॅसेंजरमधे बसलेलो होतो. बाटली खिशात होती.

मी का यायचो, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि बरंच झालं. शूर व्हायचं म्हणून नाही. एकदाही शूर झालो नाही. प्रत्येक खेपेला तितकाच भ्यालो, उलट पौषानंतर जास्तच, कारण आता मला त्या पाण्याचा आवाज माहीत होता. मी यायचो ते एवढ्यासाठी, की धुळ्यात दुकानात बसून तुम्ही आत्ता कुठल्या वळणावर असाल याचा विचार करणं मला त्याहून भयंकर वाटायचं. शेजारी बसून भिणं सोपं. लांब बसून भिणं ज्याचं त्याला माहीत. हे काम अक्का इतकी वर्षं करत होती, हे मात्र मला तेव्हा सुचलं नाही.

खळ्यावर तुम्ही मला गाडी शिकवलीत, ते उपकार. पहिल्या गिअरमधे गोल गोल. घाण्याचा बैल बरा, म्हणायचात. पुढे दुसऱ्या गिअरपर्यंत मजल गेली. घोरपडीवर मी कधी चाक धरलं नाही, आणि तुम्हीही धर म्हणाला नाहीत.

मग तुम्ही त्या घोरपडीवर न जाता खाटेवर गेलात. काविळीनं. माझ्यासारखा औषधवाला मेहुणा असून. मी सगळं आणलं, जे दुकानात होतं ते आणि जे नव्हतं तेही. डॉक्टरांनी केलं, वैद्यानं केलं. तुमचे डोळे हळदीसारखे होत गेले आणि मी इतकी वर्षं चुकीच्या गोष्टीला भ्यालो, हे मला रोज थोडं थोडं कळत गेलं. खाणीला भ्यालो, कातळाला भ्यालो, उताऱ्याला भ्यालो. अंगणातल्या खाटेला घाबरायचं असतं, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

चैत्रातल्या त्या दुपारी तुम्ही मला जवळ बोलावलंत. अक्का उशाशी होती, तिच्या हातात उसाच्या रसाचा पेला होता. तुम्ही म्हणालात, "या साल पानी अडावतीन." खरं होतं ते. धरण पुरं झालं होतं, पावसाळ्यात दारं लागणार होती. खाण, घोरपड, खळं, सगळं पाण्याखाली जाणार होतं. "वैशाखनी आमोशाले शेवटला फेरा. तू मारजो."

आजारी माणसाला हो म्हणायचं असतं, म्हणून मी हो म्हटलं. मग तुम्हाला हसवावं म्हणून विचारलं, "आणि मग भिणार कोण?"

तुम्ही हसला नाहीत. डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं, झोप लागली.

तेरावं झालं, पाहुणे गेले. अक्का आणि मी ओट्यावर बसलो होतो. जीप समोर उभी होती, तिच्यावर कोणीतरी गोणपाट टाकलं होतं. अक्का एकाएकी म्हणाली, "चौदसले त्यासले घासच नही उतरे."

मला कळेना. मग ती सांगत गेली. दर अमावास्येच्या आदल्या दिवशी तुम्ही जेवायचा नाहीत. ताटावर बसायचात, भाकरी कुस्करायचात आणि उठायचात. तळहात गार पडायचे. तिनं एकदा विचारलं, इतकं भ्याव वाटतं तर जाता कशाला? तुम्ही म्हणालात, वसंता असतो ना. तिला वाटलं, वसंताचा धीर वाटतो. आणि ती मनात म्हणाली, वसंताचा कसला धीर. तुम्ही तिला समजावलंत म्हणे. "तो जोडे बसना, भ्याना, म्हंजे माले भ्यावाले जागाच नही ऱ्हाये."

दाजी, मी शेजारी बसून भ्यालो की तुम्हाला भ्यायला जागा उरायची नाही, हे मला का नाही सांगितलंत? मी इतकी वर्षं स्वतःला तुमच्या जीपमधलं ओझं समजत होतो. अक्का आत गेल्यावर मी तिथेच ओट्यावर बसून रडलो. दुःखानं म्हणू की कशानं, मला ठरवता येत नाही. बरंही वाटत होतं.

पण त्यानं माझा प्रश्न आणखीच अवघड झाला. फेरा मारायचा तर शेजारी भिणारं माणूस हवं. ते माणूस म्हणजे मी. आणि मीच चाकावर.

परवा संध्याकाळी मी चाळीसगावला पोचलो, तेव्हा मला घास उतरला नाही. अक्कानं ताट उचललं. सकाळी गोणपाट काढलं. मी जीप सुरू करायला लागलो तर ती चपला घालून बाहेर आली. "मी बी येस. धरन देखस." दीड महिना ती उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. समोरच्या ओट्यावरच्या बायका बघत राहिल्या. विधवा बाई, अमावास्या, आणि जीप. अक्कानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या गिअरमधेच रखडत धरणावर पोचलो. गर्दी होती, शेवटचा दिवस म्हणून. पण गोंगाट नव्हता. जळगावचा कापडवाला भेटला, त्यानं तुमचं नाव घेतलं आणि जीपच्या बॉनेटवर हात ठेवला. आपला नंबर कोणी विचारला नाही, सगळ्यांनी आपणहून वाट दिली. शंकर आबांनी झेंडी माझ्या हातात दिली. अक्का बाभळींखाली उतरली होती. त्यांनी बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघितलं आणि विचारलं, "भाऊ, झेंडी कोन धरी?"

मी झेंडी मांडीखाली दाबली. क्लच सोडला. जीप एक हिसका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. पाय थरथरत होता, दाजी, मांडीपासून. समोर भरावाचा माथा उन्हानं पांढरा झाला होता आणि मला त्या खालच्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता, जे पाणी उन्हाळ्यानं केव्हाच आटलं होतं. मी मनाशी म्हटलं, उतरू. दाजी गेले, त्यांना कुठे कळणार आहे. मी खरंच उतरायला निघालो होतो. एक पाय बाहेर काढला होता.

तेवढ्यात जीप दुसऱ्या बाजूला कलली. अक्का चढून बसत होती. तिनं पदर कमरेला खोचला, माझ्या मांडीखालची झेंडी ओढून घेतली आणि समोर बघत म्हणाली,

"मी भीस. तू चालाड."

शंकर आबा बाजूला झाले. मी पाय आत घेतला.

तुमच्यासारखा वेग मी घेतला नाही, घेणारही नव्हतो. पण चालवली. भरावावर अक्कानं देवाचं नाव घेतलं ते मोठ्यानं, थांबतच नव्हती. उंटावर ती किंचाळली. मी माझ्या अक्काला जन्मात किंचाळताना ऐकलं नव्हतं. विंचू झाडूनं उडवून लावणारी बाई ती. आणि काय सांगू, ती जसजशी जास्त भ्यायला लागली तसतसा माझा पाय थरथरायचा थांबला. हात चाकावर बसले. तुम्ही म्हणालात ते खरं होतं. मला भ्यायला जागाच उरली नाही.

तिठा आला तेव्हा तिनं देवाचं नाव अर्ध्यावर सोडलं. मग हळूच म्हणाली, "देख. आज आठे काहीच ठेवेल नही."

मी चाक सरळ धरलं. तिला सगळं माहीत होतं. तुम्ही तिला वाचवायला घोरपड आडवी आणलीत, तिनं तुम्हाला वाचवायला ती खरी मानली, आणि मी दोघांच्या मधे तोंड शिवून बसलो. कातळ उजव्या हाताला होता. मी त्याला चिकटून गेलो, इतका की आरसा घासला. तो ओरखडा आहे जीपवर. रागवा हवं तर.

खळ्यावर मी थांबलो नाही. पात्र ओलांडलं, चढ चढलो, फाटकाशी आलो, जीप बंद केली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शंकर आबा पुढे आले आणि त्यांनी झेंडीसाठी हात पुढे केला.

अक्का झेंडी देईना.

मला वाटलं, तिला द्यायची नाही. मग मी तिच्या हाताकडे बघितलं. मूठ पांढरी पडली होती आणि उघडत नव्हती. इतका वेळ माझ्या मनात एक कोपरा म्हणत होता, की ती माझ्यासाठी नाटक करते आहे. नाटक नव्हतं, दाजी. मी तिचा हात माझ्या मांडीवर घेतला. बर्फासारखा गार होता, वैशाखाच्या उन्हात. मी करंगळीपासून सुरुवात केली. एकेक बोट उलगडत गेलो. तिनं मान दुसरीकडे फिरवली होती. अंगठा सुटल्यावर झेंडी आबांच्या हातात दिली, आणि तिचा हात तिला परत केला.

"अक्का," मी म्हटलं, "बठ्ठा बोटे शाबूत शेतस."

तुम्ही गेल्यापासून ती रडली नव्हती. तेव्हा रडली.